फिलोडेंड्रॉनला चढायला ओला आधार हवा

घरातला फिलोडेंड्रॉन बहुतेक वेळा टांगत्या कुंडीत किंवा उंच फळीवर असतो आणि त्याचा वेल खाली सोडलेला असतो. अशा स्थितीतही तो वर्षानुवर्षे टिकतो, कारण ही वनस्पती चिवट आहे. मात्र त्याची वाढ कशी चालली आहे हे पाने पाहिली की लगेच कळते. कुंडीजवळची पाने तळहाताएवढी असली, तरी टोकाकडे ती लहान होत जातात, दोन पेरांमधले अंतर वाढत जाते आणि शेवटी पानांपेक्षा उघडी काडीच जास्त दिसू लागते. खत बदलून, कुंडी बदलून किंवा पाण्याच्या वेळा बदलून यात फारसा फरक पडत नाही. चढणाऱ्या फिलोडेंड्रॉनच्या बाबतीत सर्वांत आधी विचार करायचा तो आधाराचा, आणि तो आधार ओलसर असला पाहिजे, असे माझे अनेक वेल वाढवल्यानंतर ठाम मत झाले आहे. प्रकाश, पाणी, माती आणि खत यांचे निर्णय त्यानंतर बरेच सोपे होतात.

यामागचे कारण या वनस्पतीच्या मूळ अधिवासात सापडते. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या उष्ण, दमट जंगलांत फिलोडेंड्रॉनच्या शेकडो जाती वाढतात आणि त्यांतील कित्येक जाती मोठ्या वृक्षांच्या खोडांवर चढतात. वेल चढत असताना त्याच्या प्रत्येक पेरातून हवाई मुळे फुटतात. त्यांतील काही आखूड मुळे सालीला घट्ट धरून ठेवण्याचे काम करतात, तर काही लांब मुळे खाली जमिनीच्या दिशेने वाढत जाऊन पाणी आणि क्षार वर आणतात. पकड पक्की झाली आणि वर प्रकाश वाढत गेला की पुढचे प्रत्येक पान आधीच्या पानापेक्षा थोडे मोठे येते. घरात सर्वांच्या परिचयाच्या हेडेरॅसियम या जातीची पाने बदामाच्या आकाराची आणि हातभर अंतरावरून नाजूक दिसणारी असतात, पण झाडावर चढलेल्या प्रौढ वेलावर तीच पाने फूटभर लांब होऊ शकतात. याउलट, वेलाचा आधार सुटला आणि तो लोंबू लागला की तो लांब पेरे आणि लहान पाने तयार करतो, कारण त्या अवस्थेत पानांवर खर्च करण्यापेक्षा नवीन आधारापर्यंत पोहोचणे त्याच्यासाठी महत्त्वाचे असते. टांगत्या कुंडीतला आपला वेल नेमक्या याच शोधाच्या अवस्थेत अडकून पडलेला असतो.

अर्थात सगळेच फिलोडेंड्रॉन चढणारे नाहीत, आणि आधाराचा खांब आणण्यापूर्वी आपल्याकडचे झाड कोणते आहे ते पाहिले पाहिजे. हेडेरॅसियम आणि त्याचे मिकान्स व ब्राझील हे प्रकार, एरुबेसेन्स, पिंक प्रिन्सेस, स्क्वामिफेरम, मेलानोक्रायसम आणि व्हेरुकोसम हे चढणारे आहेत. ग्लोरिओसम जमिनीवर आडवा सरपटत जातो. त्याला खांब दिला तर तो नाराज रोपासारखा एका जागी थांबतो. त्याला लांबट, उथळ कुंडीच योग्य. पूर्वी सेल्लोउम या नावाने विकले जाणारे मोठ्या कातरलेल्या पानांचे झाड आपल्या जाड खोडावर उभे राहते आणि २०१८ साली ते थॉमॅटोफायलम या वेगळ्या प्रजातीत गेले आहे. मनीप्लांट आणि हेडेरॅसियम यांच्यातही अनेकांची गल्लत होते. नवीन पान कसे येते हे पाहिले की शंका उरत नाही: मनीप्लांटचे नवे पान आधीच्या पानाच्या देठाला लागून असलेल्या खोबणीतून बाहेर येते, तर फिलोडेंड्रॉनचे नवे पान स्वतंत्र, पातळ, फिकट हिरव्या किंवा लालसर आवरणात गुंडाळलेले असते.

हे आवरण जवळून पाहण्यासारखे असते. सुरुवातीला वेलाच्या टोकाशी एक टोकदार कोंब दिसतो. काही दिवसांत त्याची एक बाजू उसवते आणि आतून घट्ट गुंडाळलेले पान वर सरकू लागते. ते पूर्ण उलगडेपर्यंत इतके मऊ असते की बोटाचा साधा स्पर्शही त्यावर कायमचा डाग ठेवून जातो. मिकान्सचे नवे पान तांबूस असते आणि मेलानोक्रायसमचे नवे पान तांबट रंगाचे असते, जे पुढे गडद हिरव्या मखमलीत बदलते. पान बाहेर आल्यावर आवरण वाळते आणि आपोआप गळून पडते. हवा फार कोरडी असेल तर ते वाळून पानाला चिकटते आणि उलगडणारे पान फाटते. अशा वेळी आवरण ओढून काढण्याचा मोह होतो, पण तसे करू नये. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा थोडा वेळ त्यावर ठेवला की ते सैल होते आणि पान स्वतःची वाट काढते.

आता आधाराविषयी. बाजारात सर्वांत सहज मिळतो तो नारळाच्या काथ्याचा खांब. तो दिसायला नीटनेटका असतो आणि वेलाचा भार पेलतो, पण त्यावर ओतलेले पाणी लगेच निथळून जाते. हवाई मुळे काथ्याला धरतात, पण तिथे त्यांना पिण्यासारखे फारसे काही मिळत नाही. लाकडाची खडबडीत फळी ही दुसरी सोय. ती टिकाऊ असते, मुळे तिच्यावर सपाट पसरतात आणि हवेत भरपूर दमटपणा असेल तर ती उत्तम काम देते. माझी पसंती मात्र जाळीच्या नळीत स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारे वाळवलेले शेवाळ) भरून केलेल्या खांबाला आहे. प्लॅस्टिकची जाळी गुंडाळून साधारण ६ ते ८ सेंटिमीटर व्यासाची नळी करायची, पाण्यात भिजवून हलके पिळलेले मॉस तिच्यात भरायचे आणि नळीचे खालचे टोक कुंडीच्या तळापर्यंत न्यायचे. मॉस भरताना हात फार घट्टही नको आणि फार सैलही नको. ठासून भरलेल्या मॉसमध्ये हवा राहत नाही आणि ते आतून कुजू लागते, तर सैल भरलेले मॉस काही महिन्यांत खाली बसते आणि वरचा भाग पोकळ होतो. भरलेली नळी मुठीत दाबली तर थोडी दबावी आणि सोडल्यावर पुन्हा मूळ आकारात यावी, इतपत भरणे योग्य ठरते. मागच्या बाजूला प्लॅस्टिकचा तुकडा लावला की ओल जास्त काळ टिकते.

असा खांब उभा राहिला की त्या झाडाला प्रत्यक्षात दुसरी, उभी कुंडी मिळते. हवाई मुळे त्यात शिरतात, फांद्या फोडतात आणि कुंडीतल्या मुळांसारखीच पाणी आणि खत शोषू लागतात. पेरावरचे तपकिरी, बोथट टोक ओल्या मॉसला टेकले की ते पांढरट होऊ लागते, त्यावर बारीक लव येते आणि नंतर वेल हलक्या हाताने ओढला तरी तो सुटून येत नाही. यानंतर येणाऱ्या पानांत फरक दिसू लागतो. जुनी पाने मात्र मोठी होत नाहीत. एकदा उलगडून कडक झालेल्या पानाचा आकार कायम राहतो. म्हणून खांब लावल्यावर लगेच निकालाची अपेक्षा ठेवू नये. मुळांनी मॉस धरल्यानंतरच्या दोन-तीन पानांवरून अंदाज घ्यावा.

वेल बांधताना दोन गोष्टी पाळाव्यात. पहिली, बांधायचे ते खोड. पानाचा देठ कधीही बांधू नये, कारण प्रकाशाकडे वळण्यासाठी देठाला मोकळे राहावे लागते. दुसरी, वेलाच्या ज्या बाजूला हवाई मुळांची टोके दिसतात ती बाजू मॉसला टेकली पाहिजे. बांधायला मऊ पट्टी किंवा कापडाची चिंधी चांगली. बारीक तार खोडात रुतते. मुळे रुजली की बंध काढून टाकले तरी चालतात.

खांब कुठे ठेवायचा याचाही विचार हवा. मुळे अंधाराकडे वळतात आणि पाने उजेडाकडे. मॉन्स्टेरा हा फिलोडेंड्रॉनच्याच कुळातला वेल आहे. त्याच्या एका जातीच्या रोपांवरचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की जमिनीवर उगवलेली रोपे प्रकाशाकडे जाण्याऐवजी जवळच्या खोडाच्या गडद आकृतीकडे सरकतात, म्हणजे अंधाराच्या मागाने आधार शोधतात आणि चढायला लागल्यावर प्रकाशाकडे वळतात. घरात याचा उपयोग असा की खिडकी, मग वेल आणि त्यामागे खांब असा क्रम ठेवावा. पाने खिडकीकडे तोंड करतात, मुळे मागच्या सावलीत मॉसमध्ये जातात आणि दोन्ही कामे एकमेकांच्या आड येत नाहीत. कुंडी दर आठवड्याला फिरवावी हा इतर झाडांसाठीचा सल्ला इथे मी मानत नाही. खांबावर चढलेला वेल फिरवला की सगळी पाने पुन्हा वळण्यासाठी देठ पिळतात आणि मुळांची बाजू उजेडात येते.

प्रकाश भरपूर पण थेट उन्हाचा नसावा, असे सर्वत्र लिहिलेले असते; अडचण ही की घरातला उजेड आपल्या डोळ्यांना असतो त्यापेक्षा जास्त वाटतो. खिडकीपासून दोन-तीन पावले आत गेले तरी तो झपाट्याने कमी होतो. दिवसा पानांवर हात धरून पाहावा: सावली दिसली आणि तिच्या कडा मऊ असल्या तर जागा योग्य आहे, सावलीच पडत नसेल तर झाड उपाशी आहे आणि सावली अगदी रेखीव असेल तर दुपारचे ऊन पाने भाजेल. सकाळचे कोवळे ऊन हेडेरॅसियम आणि एरुबेसेन्स सहन करतात, पण मखमली पानांच्या जातींना ते पडद्याआडून दिलेले बरे. खिडकी अपुरी असेल तर रोज १२ ते १४ तास झाडांसाठीचा दिवा लावावा. खांबावरच्या वेलासाठी तो छताला लावण्यापेक्षा समोरून, थोडा तिरका लावलेला चांगला, नाहीतर वरच्या पानांच्या सावलीत खालची पाने पिवळी पडून गळतात.

पाण्याच्या बाबतीत शेतकऱ्यांचा वाफसा हा शब्द मला कोणत्याही वेळापत्रकापेक्षा उपयोगी वाटतो. माती ओली आहे पण चिखल नाही, तिच्यात पाणी आहे तशी हवाही आहे, ही ती स्थिती. फिलोडेंड्रॉनच्या मुळांना प्राणवायू लागतो. सतत भरलेल्या पाण्यात तो मिळत नाही, मुळे मरू लागतात आणि मेलेल्या मुळांवर बुरशीसदृश जंतू हल्ला करतात. मुळकूज झालेले झाड पाणी मिळत नसल्यासारखे मान टाकते, मग आपण आणखी पाणी घालतो आणि ते संपते. म्हणून पान मलूल दिसले की आधी बोट मातीत घालून पाहावे. वरचा ३ ते ४ सेंटिमीटरचा थर कोरडा झाल्यावर पाणी घालावे, तळातून निथळेपर्यंत घालावे आणि ताटलीत साचलेले पाणी टाकून द्यावे. कुंडी उचलून तिचे वजन हाताला ओळखीचे झाले की बोटाचीही गरज राहत नाही.

मॉसचा खांब लावल्यावर मात्र हे गणित बदलते. खांबावर वरून ओतलेले पाणी झिरपत शेवटी कुंडीतच येते. खांब ओला ठेवण्याच्या नादात कुंडीत कायम ओल राहते, ही या पद्धतीतली खरी जोखीम आहे. यावर मी दोन उपाय करतो. कुंडीतले मिश्रण नेहमीपेक्षा भरड ठेवतो: झाडाच्या सालीचे तुकडे, परलाइट (हलके, पांढरे खनिज दाणे) आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) साधारण सारख्या प्रमाणात आणि त्यात थोडे गांडूळखत. कोकोपीट वापरण्यापूर्वी दोन-तीन वेळा धुऊन घेतो, कारण त्यात क्षार असण्याची शक्यता असते. दुसरा उपाय म्हणजे खांबाला थोडे थोडे, पण वारंवार पाणी देणे. बुडाशी बारीक छिद्र पाडलेली बाटली खांबाच्या माथ्यावर ठेवली की थेंब थेंब पाणी मॉस शोषून घेते आणि कुंडीपर्यंत फारच थोडे पोहोचते. मॉस एकदा पूर्ण वाळले की पुन्हा भिजायला वेळ घेते आणि पाणी त्याच्या बाजूने ओघळून जाते. आत शिरलेली कोवळी मुळेही तेवढ्यात सुकतात, तेव्हा ते कोरडे पडू न देणे हीच त्याची खरी निगा.

हवेतला दमटपणा ६० टक्क्यांच्या आसपास असला की मखमली जाती खुलतात. हेडेरॅसियम त्याहून कोरड्या हवेतही तक्रार करत नाही. पानांवर पाणी फवारल्याने मिळणारा दमटपणा काही मिनिटांचाच असतो, त्यामुळे ते कष्ट मी मॉस ओले ठेवण्यात घालतो. तापमान १८ ते ३० अंश सेल्सिअस असावे आणि १२-१३ अंशांखाली वेल ठेवू नये. खत वाढीच्या काळात, पाकिटावर सांगितलेल्या मात्रेच्या पाव ते निम्म्या तीव्रतेने, नत्राचे प्रमाण थोडे जास्त असलेले द्यावे आणि तेच पातळ द्रावण अधूनमधून खांबावरही ओतावे. मॉसमध्ये स्वतःचे पोषण जवळजवळ नसते. पानांची टोके कोरडी तपकिरी होऊ लागली तर क्षार साचल्याची शंका घ्यावी आणि कुंडी व खांब दोन्ही साध्या पाण्याने भरपूर धुवावेत. तळाचे एखादे जुने पान पिवळे पडून गळणे नैसर्गिक आहे. एकाच वेळी तीन-चार पाने पिवळी झाली आणि मातीही ओली असली तर झाड कुंडीतून काढून मुळे पाहावीत. निरोगी मूळ पांढरट आणि टणक असते, कुजलेल्या मुळाची साल बोटाला लागून निघून येते.

किडींमध्ये फुलकिड्यांइतका त्रास दुसरी कोणतीच कीड देत नाही. पानावर चंदेरी ओरखडे, त्यांत सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके आणि वाकडीतिकडी उलगडणारी नवी पाने ही त्यांची खूण. त्यांची अंडी पानाच्या आत असतात आणि पुढची एक अवस्था बहुधा मातीत किंवा मॉसमध्ये जाते, त्यामुळे एका फवारणीने काहीच होत नाही. झाड वेगळे ठेवावे, पाने दोन्ही बाजूंनी पाण्याने धुवावीत आणि साबणाचे किंवा निंबोळी तेलाचे द्रावण दर पाच ते सात दिवसांनी काही आठवडे चिकाटीने फवारावे. लाल कोळी कोरड्या हवेत वाढतो आणि देठांच्या बेचक्यात बारीक जाळे करतो. पिठ्या ढेकूण कापसाच्या कणासारखा दिसतो आणि स्पिरिटच्या बोळ्याने पुसता येतो.

पण प्रत्येक चिकट थेंब म्हणजे कीड नव्हे. फिलोडेंड्रॉनच्या अनेक जातींमध्ये फुलांबाहेर मधुग्रंथी असतात. कोवळ्या आवरणावर, देठावर किंवा नव्या पानाच्या मागे पारदर्शक, गोडसर थेंब येतात, आणि जंगलात ते मुंग्यांना आकर्षित करतात. भिंगाने पाहून किडा, खवले किंवा कापूस काहीच दिसले नाही तर औषध फवारण्याचे कारण नाही. पहाटे पानांच्या टोकांशी लोंबणारे थेंब तर निव्वळ मुळांनी रात्री वर ढकललेले जास्तीचे पाणी असते.

रंगीत वाण घेताना थोडी सावधगिरी हवी. पिंक प्रिन्सेसची गुलाबी पट्टी हरितद्रव्य नसलेल्या पेशींची असते, त्यामुळे पान जितके जास्त गुलाबी तितके ते झाडाला कमी अन्न देते, आणि पूर्ण गुलाबी पाने एकापाठोपाठ आली तर वेल अशक्त होतो. अशा वेळी हिरवा आणि गुलाबी दोन्ही रंग असलेल्या शेवटच्या पानापर्यंत वेल मागे छाटावा. त्या पेराजवळचा डोळा फुटतो आणि संतुलित रंगाची शक्यता वाढते. पिंक काँगो या नावाने विकल्या गेलेल्या झाडांचा गुलाबी रंग मात्र रसायनांच्या उपचाराने आणलेला असतो आणि नवी पाने हिरवीच येतात. पिंक प्रिन्सेसचा वेल पाहून घ्यायचा असेल तर पानांपेक्षा खोडावर रंगाच्या रेघा आहेत का ते पाहावे.

वेल खांबाच्या माथ्याला पोहोचला की दोन पर्याय असतात: जाळीचा आणखी एक तुकडा वर जोडून खांब वाढवावा, किंवा वेल कापावा. मी बहुतेक वेळा कापतो, कारण तीन-साडेतीन फुटांवरचा खांब घरात सांभाळणे कठीण जाते. कापण्यापूर्वी हातमोजे घालावेत. सुरणाच्या कुळातील इतर वनस्पतींप्रमाणे फिलोडेंड्रॉनच्या सर्व भागांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चीक त्वचेला खाजतो आणि पान चावल्यास तोंडात जळजळ व सूज येते. लहान मुले आणि मांजर-कुत्री असलेल्या घरात कुंडी आणि छाटलेले तुकडे दोन्ही त्यांच्या आवाक्याबाहेर ठेवावेत.

काप पेराच्या थोडा खाली, स्वच्छ पात्याने घ्यावा. छाट कलमात निदान एक पेर असलेच पाहिजे. पेराशिवाय नुसत्या पान-देठाला कधी मुळे फुटली तरी त्यातून नवा वेल निघत नाही. मॉसमध्ये रुजलेली मुळे असलेला शेंडा असेल तर त्या मुळांभोवतीचे मॉस न झटकता तो तसाच नव्या कुंडीत नव्या खांबाच्या पायथ्याशी लावावा. पाण्यात मुळे फोडण्याची पायरी त्याला लागत नाही आणि पानांचा आकारही फारसा मागे जात नाही. टांगत्या कुंडीतला जुना, लांबलेला वेल खांबावर घ्यायचा असेल तर हीच रीत वापरावी: शेंड्याकडचे तीन-चार पेरांचे जोमदार तुकडे घ्यावेत, ओल्या मॉसमध्ये रुजवावेत आणि त्यांतले दोन-तीनच एका खांबाला लावावेत. खाली उरलेले खोड टाकून देऊ नये. त्याची मुळे पूर्ण तयार असतात, त्यामुळे कापाखालच्या एक-दोन पेरांतले डोळे काही आठवड्यांत फुगतात आणि फुटवे येतात. फुटवा पहिल्या पानावर आला की त्याला लगेच खांबाकडे वळवून बांधावे, म्हणजे त्याची पहिली मुळे हवेत न वाळता मॉसमध्ये जातात.